अकराव्याचं पान

अनूपलाल महापात्र समोरून येताना दिसला की माणसं वाट सोडून बांधावर चढायची. सोयरीक ठरवायला निघालेली तर घराकडंच माघारी वळायची. मधुबनीकडच्या त्या सात-आठ गावांत मेलेल्याचं जेवणारा कारटा ब्राह्मण तो एकटाच. माणूस गेलं की अकराव्या दिवशी त्यानं पानावर बसायचं. त्याच्या तोंडानं मेलेला जेवतो, आणि तो 'तृप्त झालो' म्हणाला की जीव सुटतो. तो अंगणाबाहेर पडला की त्याच्यामागं मडकं फोडायचं. पुन्हा लवकर यायला नको!

त्या एका बोलावर अनूपलालनं जन्म काढला. चुडा-दही, म्हणजे दही-पोहे, ओरपायचा, खीर बोटानं निपटून चाटायचा, आणि मग तोंड मिटून बसायचा. दानाचा पलंग हलका हाय, दुसरा आणा. गाय द्या. झा आडनावाच्या एका घरच्या अंगणात तर एकदा दिवस कलेस्तवर बसला. घरची विधवा पाया पडली, तेव्हा कालवडीचं दावं हातात घेऊन मगच बोलला.

कालवड घरी आली तशी बायको, बुचदाई, म्हणाली, "पोट भरलं हुतं का न्हाई?"

"भरलं हुतं की."

"मग मुकं का बसला? मेलेल्याला दारात ताटकळत ठिवलं. ह्यो काय बाजार हाय?"

"बाजारात लोक निदान जवळ तरी हुबं ऱ्हात्यात," अनूपलाल म्हणाला.

माघात बुचदाई गेली. पोरबाळ नव्हतं, म्हणून क्रिया नवऱ्यानंच धरली. पण अकराव्याला जेवायचं कुणी? देणारा आणि घेणारा एकच असला तर ते दान कसलं! नवव्या दिवशी तो नदी उतरून घूरनकडं गेला. घूरन त्याच्याच जातीतला. आता पंक्चर काढायचा.

"घूरनभाऊ, परवा अकरावा. पानावर या."

"म्या सोडलं ते. पोरगं शिकवण्या घेतंय. बाप मड्याचं खातो म्हटल्यावर कोण पोरं धाडंल?"

"आरं, तू जातीचा हैस!"

"म्हणूनच सोडलं. आन् समजा आलो, नि तुझ्यावानी मुका बसलो, तर काय दिशील? ती कालवड?"

"तिची गाय झालीया. गाय घे, घर घे. पर लवकर तृप्त म्हण. तिला ताटकळत ठिवू नगंस."

घूरन हसला. "आता कळलं व्हय, अंगणात बसलेल्यांना काय वाटायचं ते?" त्यानं ट्यूब पाण्यात दाबली आणि बुडबुडे बघत बसला.

अकराव्याला अनूपलालनं केळीचं पान मांडलं. बुचदाईला आवडायची तशी दाट खीर वाढली, आणि देणाऱ्याच्या जागी बसून राहिला. रस्त्याला कुणी फिरकलं नाही. दुपार टळली, खिरीवर साय धरली. मग तो उठला, पानाला वळसा घालून पलीकडं बसला आणि सगळं जेवला. हात धुतला. पोट भरलं होतं, मागायचंही काही उरलं नव्हतं. तरी तोंड उघडेना. देणाऱ्यानं स्वतःच तृप्त म्हटल्यानं तिचा जीव सुटत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दिवस कलला. शेवटी त्यानं दाराशी ठेवलेलं मडकं उचललं. पण फोडायचं कुणाच्या मागं? जेवणारा तर घरातच होता.