परत आलेली साखर

कासुबाच्या आईचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला उभा केलेला पत्र्याचा खोका. पुढे लोखंडी जाळी आणि जाळीत एक हात जाईल एवढी खिडकी. त्या खोक्याच्या वळचणीला माझं शिलाई मशीन आहे. अकरा वर्षं मी तिथे बसते आणि त्या खिडकीतून काय काय बाहेर जातं ते बघते. बघायचं नाही असं कितीदा ठरवलं, पण डोळे ऐकत नाहीत. लुसाका शहरातल्या आमच्या वस्तीत घरं इतकी चिकटून आहेत की शेजारची भांडणं भिंतीतून ऐकू येतात. पण माणूस खरा कसा जगतो ते भिंतीतून कळत नाही, दुकानाच्या खिडकीतून कळतं.

महिन्याच्या सुरुवातीला मक्याच्या पिठाचं अख्खं पोतं खांद्यावर टाकून ऐटीत चालणारा नवरा वीस तारखेनंतर बायकोला पुढे करतो, आणि बायको हळूच पामेला मागते. पामेला म्हणजे एका वेळच्या न्शिमाला, मक्याच्या घट्ट उकडीला, पुरेल एवढं पीठ, प्लास्टिकमध्ये गाठ मारलेलं. दोन थंड बाटल्या आणि क्रीमची बिस्किटं गेली की समजावं, घरी लग्नाची बोलणी करायला पाहुणे आलेत. पलीकडच्या म्हाताऱ्या साकालांची बायको जाऊन दोन वर्षं झाली, तरी ते रोज सकाळी दोनच बन नेतात. एक बन संध्याकाळी कुत्र्याला घालतात, पण मागताना मागतात दोन.

मी हे बघते आणि चार जणींना सांगते. कासुबाची आई बघते आणि गिळते. नुसती काडेपेटी घेतली तरी ती काळ्या पिशवीत घालून गाठ मारून देणार. मी म्हणायचे, "अगं, काडेपेटीला कसली लाज? पिशव्या वाया घालवतेस."

"पिशवी माझी, गाठ माझी. तू तुझी सुई बघ, विनी."

खरं तर तिला नावं ठेवायला मला तोंडच नाही. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत मी उभी असते, आणि रोज संध्याकाळी माझी एक सिगारेट त्याच काळ्या पिशवीतून घरी जाते. पाद्रीबाबांना अजून पत्ता नाही.

तिचं तोंड असं जन्मापासून शिवलेलं नव्हतं. दुकान नवं असताना एक गवंडी थट्टेत तिला म्हणाला होता, "माझी बायको तुझ्याकडे फार येते, काय नेते एवढं?" हिनेही थट्टेतच सांगितलं, "काल दोन अंडी नेली, मजा आहे तुझी." त्याच्या ताटात अंडं आलंच नव्हतं. बायको ती अंडी आपल्या क्षयी भावाला नेत होती. त्या रात्री गवंड्याने तिचा हात मोडला, आणि आठवड्याभरात ती पोरांना घेऊन गावी निघून गेली. जाताना दुकानावरून गेली, पण मान वळवून पाहिलं नाही. त्या दिवसापासून कासुबाची आई काळ्या पिशव्या घेऊ लागली.

तर गेल्या जानेवारीतली गोष्ट. पाऊस थांबतच नव्हता. गल्लीत घोट्यापर्यंत पाणी, संडासाचे खड्डे भरून वाहत होते आणि त्यांच्या शेजारीच विहिरी. कॉलरा शेजारच्या वस्तीपर्यंत आला होता. भोंग्याची गाडी दिवसातून दोनदा ओरडत जायची: पाणी उकळा, हात धुवा, हगवण लागली की लगेच तंबूत या. उपचारांचे तंबू शाळेच्या मैदानात लागले होते, आणि लोक साथीपेक्षा त्या तंबूंनाच जास्त भीत होते. आत गेलेला प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर येतो आणि घरच्यांना तोंडही बघू देत नाहीत, असं जो तो सांगत होता.

त्या मंगळवारी सकाळी तेम्वानी आली. नऊ वर्षांची पोर. तिची आई बसस्टँडवर तळलेले गोड गोळे विकते. रोज पहाटे तळायचे आणि सात वाजता बादली डोक्यावर घेऊन माझ्या मशीनपुढून जायचं. त्या दिवशी बादली गेलीच नव्हती.

"साखर आणि मीठ," तेम्वानी म्हणाली.

"आणि पीठ? यीस्ट?"

"आई म्हणाली, एवढंच."

पुडी काळ्या पिशवीत गेली, गाठ बसली, पोर गेली. नऊ वाजायच्या आत परत आली. पुन्हा साखर, पुन्हा मीठ, आणि कोळशाची एक पिशवी.

आता हे कळायला दुकान चालवावं लागत नाही. मिठाचा पुडा आमच्याकडे महिना पुरतो. साखर जाते पण पीठ नाही, तेल नाही, चहाची पत्ती नाही. म्हणजे ती साखर पाण्यात जाते. कोळसा जातो, पण बादली बाहेर पडत नाही. म्हणजे चुलीवर नुसतं पाणी उकळतंय. त्या घरात कोणीतरी हगवणीने रिकामं होत होतं आणि बाई साखर-मीठ-पाणी पाजत होती. तंबूत ह्याच्या तयार पुड्या फुकट मिळतात. पण त्या मागायला गेलं की पांढरे बूट घातलेले लोक फवारे घेऊन घरी येतात. आणि गोड गोळे विकणाऱ्या बाईच्या घरी फवारा आला की तिचे गोळे पुन्हा कोण खाणार?

कासुबाच्या आईने खिडकीतून पोरीचा हात धरला. "घरी कोण आजारी आहे, बाळ?"

"कोणी नाही." पाठ केल्यासारखं म्हणाली.

"बाबा कामावर गेले?"

तेम्वानीने माझ्याकडे बघितलं, मग चिखलाकडे. तिचा बाप झाकेयो. सिमेंटची पोती ट्रकवर चढवतो. त्याचा आवाज पाचव्या गल्लीत ऐकू येतो. त्या दिवशी सकाळपासून तो ऐकू आला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"आईला सांग, पुड्या तंबूत फुकट मिळतात. उशीर करू नको म्हणावं."

पोर गेली. मी मशीन सोडून खिडकीशी गेले. "झाकेयो आहे. त्याचा भाऊ मागच्या साथीत तंबूत गेला तो आलाच नाही. हा जीव देईल पण तिकडे जाणार नाही. तू आरडाओरड कर, नाहीतर मी करते."

"तू करणार नाहीस."

"का?"

"माझ्या दुकानातून काय गेलं ते माझ्याकडेच राहणार. दोन अंड्यांनी एक घर मोडलंय माझ्या हातून, विनी. पुन्हा नाही."

"अगं, ती अंडी होती. हा माणूस आहे."

"साखर फक्त साखर असेल तर? मी ओरडले आणि एखाद्या पोराला नुसतं पोटात दुखत असलं तर? त्या बाईचा सगळा हंगाम गेला. तिचं घर त्या बादलीवर चालतं." ती फडक्याने एकच जागा पुसत राहिली. मला तिचा इतका राग आला की परत मशीनवर बसताच सुई बोटात गेली. पण ओरडायला मी तरी कुठे गेले होते? चार जणींना सांगायची खोड असलेली मी त्या दिवशी गप्प बसले, कारण ते गोळे मीही रोज खात होते आणि मलाही भीती वाटत होती.

तेम्वानी निरोप घेऊन आली. "आई म्हणते, तुम्ही दुकान चालवा. आमचं घर आम्ही चालवतो."

कासुबाची आई "बरं" म्हणाली. दहा वाजले, साडेदहा वाजले. गिऱ्हाईक आलं, पामेला गेल्या, वाळवलेली कापेंटा मासळी गेली. तिने एका माणसाला मेणबत्तीऐवजी साबण दिला. अकरा वर्षांत तिची चूक मी पहिल्यांदा पाहिली.

अकराच्या सुमारास पोर चौथ्यांदा आली. तिच्या हातात दुसऱ्या खेपेची काळी पिशवी होती, गाठ न सोडलेली.

"आई म्हणते ही साखर परत घ्या. लागणार नाही. तिच्याऐवजी धुण्याची पावडर द्या."

कासुबाच्या आईने पिशवी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. दुकानातून गेलेली साखर आमच्या वस्तीत कधी परत येत नाही. उरली तर मुंग्या लागतात, पण परत येत नाही. आता ती पिण्याइतकं त्राण झाकेयोत उरलं नव्हतं. पाजायचं थांबलं होतं आणि नुसतं धुणं चाललं होतं.

तिने पिशवी वरच्या फळीवर ठेवली, खिडकी लावली आणि भर दिवसा कुलूप घातलं. पिठाची पोती आणायची एकचाकी ढकलगाडी मागे उभी असते, ती ओढून बाहेर काढली.

"विनी, पुढून धर. चिखलात रुतेल."

तेम्वानीची आई दारातच होती. हात कोपरापर्यंत भिजलेले, आतून उग्र वास. ढकलगाडी बघून ती दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभी राहिली.

"कशाला आलीस?"

"त्याला न्यायला."

"तो झोपलाय. ताप आहे. जा तू."

"बाजूला हो, बाई."

"तो म्हणालाय, तंबूत नेलंस तर मी तुला कधी माफ करणार नाही. माझ्या नवऱ्याचं ऐकू की तुझं? तू दुकानवाली बाई, मीठ विक आणि गप्प बस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हळू बोल ना गं. लोक ऐकतील. पाया पडते."

लोक ऐकतच होते. शेजारच्या दारांत बायका उभ्या राहिल्या होत्या. दोघे गडी नळावरून परतताना थांबले. कासुबाच्या आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं ती आता परत फिरणार. तिने गाडीचे दांडे खाली ठेवले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

"ह्या घरात आज सकाळी साखर आणि मीठ आलं. पीठ नाही. मग पुन्हा साखर, पुन्हा मीठ, आणि कोळसा. आता साखर परत आली आणि धुण्याची पावडर मागितली. आत झाकेयो आहे. त्याला कॉलरा झालाय. सगळ्यांनी ऐकलं?"

 दोघी-तिघींनी आपापल्या पोरांना ओढून घरात घेतलं.

तेम्वानीची आई तिच्याकडे बघतच राहिली. "तुझ्या तोंडाला कुलूप आहे म्हणून मी तुझ्याकडे पोर पाठवत होते," ती म्हणाली. "सगळ्या वस्तीत फक्त तुझ्याकडे."

"माहीत आहे. आता सगळ्यांना कळलं. आता लपवायचं काही उरलं नाही तुझ्याकडे. चल, पाय धर त्याचे."

बाईचे हात चौकटीवरून खाली आले. एका सकाळीत झाकेयोचं निम्मं शरीर कुठे गेलं होतं देव जाणे. डोळे खोबणीत आत गेलेले, बोटांची कातडी म्हातारीसारखी सुरकुतलेली. आम्हाला बघून ओठ हलले, पण तो पाचव्या गल्लीचा आवाज निघाला नाही. दोघे गडी दूरच उभे राहिले. आम्ही तीन बायकांनी त्याला गाडीत घातलं. शाळेच्या मैदानापर्यंत मी पुढून ओढत होते आणि तेम्वानीची आई एका हाताने त्याचं डोकं धरून चालत होती. वाटेत कासुबाची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "श्वास आहे का बघ." तंबूतल्या नर्सने त्याच्या दोन्ही हातांत सलाईन लावलं आणि म्हणाली, "अजून तासाभराने आणला असता तर सलाईन लावायला माणूस उरला नसता."

झाकेयो सहाव्या दिवशी चालत घरी आला. कोणी त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं नाही. पण त्याआधी फवारेवाले आलेच. घर, संडास, भांडी, सगळ्यांवर क्लोरीन. बसस्टँडवरून तेम्वानीच्या आईला उठवलं, पाऊस संपेपर्यंत विकायचं नाही म्हणून. ती दुसऱ्यांची धुणी धुऊ लागली. मीठ, तेल आणायला दुकानावरून पुढे जायची आणि थेट मोठ्या रस्त्याच्या दुकानातून आणायची. त्या गवंड्याच्या बायकोसारखीच मान सरळ ठेवून.

तिचं समजू शकते. पण बाकीच्यांचं काय सांगू? ज्यांनी आपापल्या पोरांना ओढून घरात घेतलं, त्याच आता म्हणू लागल्या, कासुबाच्या आईचं तोंड फुटलं. पामेला घ्यायला येणाऱ्या बायका हळूहळू लांब जाऊ लागल्या. पीठ संपलंय हे भर गल्लीत ऐकायची कोणाची तयारी नव्हती. आणि मी? मी तिच्याबरोबर गाडी ओढली होती, तरी दोन आठवडे माझी सिगारेट मोठ्या रस्त्यावरून आणली. तिने ते पाहिलं.  ह्याची मला आजही लाज वाटते.

ती परत आलेली साखर मात्र तिने विकली नाही. वरच्या फळीवर तशीच, गाठीसकट.

एप्रिलमध्ये आभाळ मोकळं झालं, बसस्टँडवरची विक्री पुन्हा सुरू झाली. एका सकाळी तेम्वानीची आई स्वतः खिडकीपुढे येऊन उभी राहिली. मी पाय मशीनवरून काढून घेतला. दुकानापुढे तीन-चार जणी होत्या.

"पीठ दे, पाच किलोचं. यीस्ट दे. तेल, मोठी बाटली." ती मुद्दाम मोठ्याने बोलत होती. "आणि ती माझी साखर आहे का अजून?"

कासुबाच्या आईने स्टुलावर चढून ती पिशवी काढली.

"आता सांग ना सगळ्यांना, काय काय नेलं मी. तुला येतं की सांगायला. सांग, तेम्वानीची आई पुन्हा गोळे तळणार आहे. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिचा आवाज शेवटी चिरकला. ते टोचणं होतं की आणखी काही, ते तिलाही सांगता आलं नसतं. कासुबाच्या आईचे डोळे भरले होते. तिने पीठ उचललं, यीस्ट, तेल, साखर; एकेक वस्तू काळ्या पिशवीत घातली आणि घट्ट गाठ मारली.