निशाणावरचे डोळे

कोल्हापुरात आमच्या पोलिसांच्या गोळीबाराच्या मैदानावर उभ्या केलेल्या प्रत्येक कागदी माणसाला डोळे असायचे. ते छापून येत नसत. नेमबाजी शिकवणारे उस्ताद सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काळ्या मार्करनं स्वतः काढत, लांबून दिसावेत म्हणून चांगले बटाट्याएवढे. कुणाचे समोर, कुणाचे डावीकडे, कुणाचे खाली मातीत. रिक्रूट बंदूक घेऊन आडवा झाला की त्याच्या कानाशी उकिडवे बसून विचारत, "ह्यो माणूस कुठं बघाय लागलाय?" उत्तर चुकलं तर त्या दिवशी त्याला गोळी मिळत नसे. पाठीमागे सगळे त्यांना 'काजळवाले उस्ताद' म्हणत, आणि त्यांचा मदतनीस असूनही मीही त्यात हसायचो.

जीभ मोठी तिखट. घाईनं चाप ओढणाऱ्याला म्हणत, "पावणं, यस्टी सुटाय लागलीया व्हय?" सराव संपला की काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमा करायच्या असतात. एखादी गवतात हरवली तर इतर शिक्षक कागदावर काहीतरी जुळवून घेत. उस्ताद मात्र अख्खी तुकडी गवतात रांगायला लावत. "गोळी गेली ती गेली. पुंगळी तर परत द्या," एवढंच म्हणत. भर उन्हात आमचे गुडघे सोलून निघत.

हुपरीकडचा एक रिक्रूट एकदा पाचही गोळ्या छातीत मारून आला आणि कागद नाचवत उभा राहिला. उस्तादांनी त्या भोकात करंगळी घातली. "एवढ्याशा भोकानं माणूस मरतोय हे खरं वाटत न्हाई, व्हय का न्हाई? मला बी वाटलं नव्हतं." तो हसायचा थांबला. उस्तादांनी कागदाची नीट घडी करून त्याच्या हातात दिली.

मैदानावर येण्याआधी उस्ताद फौजदार होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा शिपाई. दोघांवर कोयत्यानं वार करून पळालेला एक आरोपी कागलच्या पलीकडे उसात लपल्याची खबर आली. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही बांधाच्या बाजूनं उभे राहिलो. पलीकडून ऊसतोड चालू होती. तोडणाऱ्या टोळीला निरोप द्यायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. फडाचा शेवटचा पट्टा उरला की आत दबलेला ससा बाहेर पडतो आणि टोळीतला कुणीतरी कोयता उगारून ओरडत त्याच्यामागं धावतो. हे आमच्या भागात कुणालाही ठाऊक असतं. मलाही होतं, उस्तादांनाही होतं. त्या सकाळी दोघांच्याही डोक्यात फक्त आरोपी होता.

ससा माझ्या पायाजवळून गेला. त्याच्यामागं माणूस आला. उस्ताद "थांब" म्हणून ओरडले, तो थांबला नाही, आणि त्यांनी गोळी झाडली. तो पाच पावलांवर पडला. ऊसतोडीला आलेला, तीस-बत्तिशीचा. पलीकडून त्याची बायको डोक्यावरची मोळी टाकून धावत आली. तिनं आधी त्याच्या हातातला कोयता सोडवून बाजूला ठेवला, मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खरा आरोपी दोन दिवसांनी भलतीकडेच सापडला.

गाडीत बसल्यावर उस्तादांनी विचारलं, "त्येची नजर कुठं हुती रं?"

"तुमच्याकडंच, साहेब," मी म्हणालो.

चौकशीत मी जबाब दिला की इसम कोयता उगारून आमच्या दिशेनं धावत आला. त्यातला शब्दही खोटा नव्हता. फक्त ससा मी लिहून दिला नाही. इतका भला माणूस एका क्षणाच्या चुकीसाठी तुरुंगात जाऊ नये, असं मला मनापासून वाटलं. तो सशामागं धावत होता, हे त्याच्या बायकोचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. स्वसंरक्षण ठरलं, उस्ताद सुटले. त्यांनी अर्ज करून मैदानावर बदली मागून घेतली आणि पहिल्याच दिवशी बाजारातून मार्कर आणला.

निवृत्तीनंतर ते कागलच्या घरी आजारी पडले. एका दुपारी मी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. अकरा वर्षं न सांगितलेलं तेव्हा बाहेर पडलं. "ससा होता, उस्ताद. मी पाहिलेला."

ते पंख्याकडे बघतच म्हणाले, "मला ठाव हाय. त्येच्या बायकूला भेटून आलतो मी, गावाकडं जाऊन. तू कवा सांगतुयास ते बघत हुतो."

"तुम्हाला वाचवायला..."

"मी वाचलो की. मी बी गप बसलो, जबाबावर सही केली. पर कागदावर त्यो अजून आमच्या अंगावर धावून येतोय. त्येची लेक शाळंत जात्या. तिचा बाप सशामागं पळत हुता, एवढं लिव्ह. मी जित्ता हाय तवर लिव्ह. मेल्यावर काय, कुणीबी लिवंल."

मी "व्हय" म्हणालो. अर्ज लिहिलाही. पण नोकरी, बढती, घरची माणसं, असं करत तो टेबलाच्या खणातच राहिला. चार महिन्यांनी भाभींचा फोन आला. कब्रस्तानात मूठभर माती टाकताना मला माझी किळस आली.

आता मैदान माझ्याकडे आहे. सकाळी लवकर जाऊन डोळे मीच काढतो. परवा एका रिक्रूट मुलीनं विचारलं, "सर, सगळे दुसरीकडंच का बघायलेत?" मी तिला पुढचा कागद लावायला सांगितलं. दुपारी जेवणाचा डबा तसाच ठेवून खण उघडला, अर्जाच्या तळाशी नाव लिहिलं आणि तो आमच्या वरिष्ठ साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"हे आत्ता कशाला?" ते म्हणाले.

"उशीर झालाय, साहेब," मी म्हणालो. "पण ससा होता."