ताईच्या दातांमागचं किटण

दोन वर्षांपूर्वी मी नुसत्या मांसाहारावर राहायला लागलो. भात नाही, पोळी नाही, भाजीसुद्धा नाही. मटण, कोंबडी, अंडी, मासे. साखर आटोक्यात आली आणि मी दिसेल त्याला शहाणपण शिकवू लागलो. नाहूरला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी ऐकेना. चेंबूरच्या माझ्या थोरल्या बहिणीने मात्र ऐकलं.

तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, आणि दातांच्या डॉक्टरची तिला भारी धास्ती. मी तिला सांगितलं, पिठाचं आणि गोड बंद केलं की दातांवर किटण धरत नाही, असलेलंही गळून पडतं. वर ओठ मागे ओढून माझे दात दाखवले. ते खरंच स्वच्छ होते. तिने डॉक्टरकडची ठरलेली वेळ रद्द केली.

तिला सांगितलं नाही ते हे, की आदल्याच आठवड्यात मी मुलुंडला जाऊन दात साफ करून आलो होतो. किटण माझ्याही दातांवर साचलं होतं. इतकं मोठं बोलून बसल्यावर ते कबूल करायची लाज वाटली. दुसरं काही कारण नाही.

मग श्रावण आला. ताईने कळत्या वयापासून एकही श्रावण मोडला नव्हता. त्या वर्षी मोडला. दात देवानेच दिलेत, तो समजून घेईल, असं म्हणत तिने माझ्यासमोर सुरमईचा तुकडा खाल्ला. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

दिवाळीच्या सुमारास तिचा खालचा पुढचा दात हलायला लागला. मीच तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आरशात दाखवलं: पुढून दात बरे, मागून मात्र दगडासारखा पिवळा थर. साखर नसली की दातांवर चिकट थर कमी धरतो हे खरं, त्या म्हणाल्या. पण लाळेतले क्षार साचायचे थांबत नाहीत, आणि घट्ट झालेलं किटण काही खाऊन निघत नाही, खरवडूनच काढावं लागतं.

ताई माझी बाजू घ्यायला लागली. "ह्याचे बघा ना, ह्याने कुठे काढलंय?"

मग मात्र राहवेना.

"काढलंय, ताई. तुला दात दाखवायच्या आठ दिवस आधी."

ती माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "श्रावणात तरी सांगायचंस रे."

 

दात वाचेल का, हे डॉक्टरबाई सांगेनात. आधी सफाई करू, मग बघू, म्हणाल्या. सफाई चालू असताना ताईने माझं मनगट धरून ठेवलं होतं. नखं रुतत होती. मी हात काढला नाही.

ती आता भात खाते, आतल्या बाजूनेही ब्रश फिरवते. रक्त थांबलंय. परवा डॉक्टरबाईंनी तो दात बोटाने हलवून पाहिला, पुष्कळ घट्ट झालाय म्हणाल्या. ताई खुर्चीतून उठली आणि मला बसायला लावलं.

"आता तू. मी इथेच उभी राहते."

मी तोंड उघडलं. ती वाकून बघू लागली.