क्रमांक दिलेला श्वास

रुग्णांच्या छातीतले आवाज आम्ही टिपतो आणि इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात ठेवतो. जगातला कुणीही संशोधक ते उतरवून घेऊ शकतो. त्याआधी नाव-गाव काढून नुसता क्रमांक द्यायचा, कुणी मध्येच बोललं असेल तर तेवढा तुकडा कापायचा, हे माझं काम.

काल एक जुनी फाइल सहज ऐकली. खरखरता श्वास, पुन्हा श्वास, आणि अगदी शेवटी हळूच, "झालं का हो, ताई?"

कापायचं राहूनच गेलं होतं. आवाज लगेच ओळखला. नळी छातीला टेकताच "गार लागतं गं" म्हणून हसलेल्या त्या मावशी. त्या जाऊन आता वर्ष होईल.

मी तो शेवट कापला, फाइल बदलली. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती परत कशा मागवणार? मराठीचा गंधही नसलेल्या किती कानांना मावशी अजून तेच विचारत असतील!

माझं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नाही. यंत्र बंद करूनच मी म्हणाले होते, "झालं मावशी, सुटलात तुम्ही."