तेलानं धुतलेलं पाणी

सूर्यनारायणराव तंजावरकडच्या पापनाशमजवळ एका भातगिरणीत एकोणतीस वर्षं पाणी तपासत होते. उकडा तांदूळ झाल्यावर उरलेलं उग्र वासाचं तपकिरी पाणी कालव्यात जाई. त्यातलं फिनॉल नावाचं विष मर्यादेखाली आणायचं, याचा रावांनी ध्यास घेतला होता. उपायही त्यांचाच. पाण्यात तिळाचं तेल घालून घुसळायचं, की फिनॉल पाणी सोडून तेलात शिरतं. मग पिंप स्वस्थ ठेवायचं. तेल वर येतं आणि खालच्या तोटीतून निवळ पाणी काढायचं. मालक राममूर्ती याला ‘पिंपाचं न्हाणं’ म्हणत आणि दुसरीकडे बघत.

शनिवारी प्रदूषण खात्याच्या वसुमतीबाई येणार होत्या. फिनॉलचा आकडा लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत आला तर उपाय खरा, नाहीतर रावांचा जन्म फुकट.

शुक्रवारी रावांनी तेलकट पिंप स्वतः घासलं. आता तंजावरच्या माणसानं तेल कशानं काढावं? शिकेकाईनं.

शनिवारी तेल घातलं, घुसळलं आणि पिंपात पांढरं ताक झालं. तेल वर येईना, पाणी खाली बसेना. दहाला बसलेली मंडळी साडेबारालाही तशीच बसून. राममूर्तींनी पिंपाला कुंकू लावलं. वसुमतीबाईंनी पंखा बंद करवला, पिंप बिथरू नये म्हणून सगळे कुजबुजत बोलू लागले, आणि दर दहा मिनिटांनी बाई वहीत ‘अजून नाही’ लिहीत राहिल्या. रावांना रडू फुटायचंच बाकी होतं.

त्यांची बायको कृष्णवेणी डबा घेऊन आली. तिनं पिंपात वाकून पाहिलं.

“सीयक्काय, तुमची ती शिकेकाई, राहिली की हो आत. आपल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात ती कधी फेसते काय? मीठ घाला.”

कँटीनमधून तीन किलो मीठ आलं. अर्ध्या तासात तेल मुकाट्यानं वर गेलं. रावांनी तोटी उघडली आणि वसुमतीबाईंनी नमुन्याची बाटली भरून घेतली.

आठवड्यानं अहवाल आला. फिनॉल शून्य दशांश सहा. खालच्या ओळीत, क्षार मर्यादेच्या सातपट, सबब गिरणी पुढील आदेशापर्यंत बंद.

राव वरचीच ओळ वाचत राहिले. मग बंद दाराशी जमलेल्या कामगारांना ते मैसूरपाक वाटू लागले. कुणी हात पुढे करेना. शेवटी राममूर्तींनी एक तुकडा उचलला.

“राव, आता हे मीठ काढायला काय घालायचं?”

रावांनी मैसूरपाक खाली ठेवला आणि खिशातून पेन काढलं. एकोणतीस वर्षांत मालकानं त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं.