दुसऱ्या बाजूचे सुभाषकाका

आमच्या विलायतेतल्या लेस्टरमध्ये कुणाला मत हवं असेल तर त्याने सुभाषकाका गजभियेंकडे जावं, असं मी गमतीने म्हणायची. नागपूरहून आलेला हा माणूस इथल्या होजिअरीच्या कारखान्यात राबला, युनियनमध्ये भांडला, आणि भीमजयंतीच्या सभेत माइक एकदा हाती आला की सोडायचा नाही. "अहो, आवरा आता," अशा खुणा सिंधुकाकू समोरून करायच्या, तर हे म्हणायचे, "दोनच मुद्दे राहिले." ते दोन मुद्दे कधीच संपले नाहीत. काकूच आधी गेल्या.

त्या गेल्यावर घरात भांडायला कुणी उरलं नाही. मुलगा प्रबुद्ध दूर एजवेअरला. तो रविवारी फोन करतो, गोळ्यांची चौकशी करतो आणि ठेवतो. मग काकांनी रेडिओ लावला. नुसत्या राजकारणाच्या गप्पांचं स्टेशन. दिवसभर लोक फोन करतात आणि निवेदक त्यांना झुंजवतो. वर दर तासाला ऐकवतो, आम्ही पब्लिक सर्व्हिस करतो म्हणून. आगीत तेल ओतण्याला सेवा म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

एका दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मी आमच्या विहाराच्या ग्रुपवर आलेली त्या स्टेशनची क्लिप ऐकली. 'सुभाष फ्रॉम लेस्टर' इंग्रजीत सांगत होते, हे व्हिसावर येणारे आता पुरे झाले, काम संपलं की त्यांना परत पाठवा. मी सँडविच तसंच खाली ठेवलं. आवाज काकांचाच होता.

आमचा धम्मदीप पुण्याहून व्हिसावरच आलेला. त्याला खोली काकांनी बघून दिली, जीपी डॉक्टरकडे नाव घालायला काकाच घेऊन गेले. त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'काका, मीसुद्धा?'

ड्युटी संपल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेले.

"काका, हे तुम्ही बोललात?"

"बोललो."

"खरंच तसं वाटतं तुम्हाला?"

"छे गं! वेडी आहेस का?" काका रेडिओ बंद करून म्हणाले, "रोज फोन करायचो. ती मुलगी फोन घेते ना, ती विचारते, व्हॉट्स युअर पॉइंट टुडे? मी माझा पॉइंट सांगायचो. ती म्हणायची, सॉरी सुभाष, त्या बाजूचे कॉलर फुल आहेत. एक दिवस म्हटलं, बरं, मग दुसऱ्या बाजूने बोलतो. लगेच ऑन एअर घेतलं! तो निवेदक मला सोडेचना. 'स्टे विथ अस, सुभाष,' म्हणाला. सीमा, तुझी काकू गेल्यापासून मला कुणी थांबा म्हटलं नव्हतं."

मला रडू येत होतं आणि त्यांचा संतापही येत होता. मी म्हटलं, "म्हणून धम्मदीपला देशाबाहेर काढायला निघालात? आणि ही म्हणे पब्लिक सर्व्हिस!"

"कसली डोंबलाची सर्व्हिस," काका म्हणाले. "पण फोन उचलतात गं."



दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा फोन लावला. दुसऱ्या बाजूने बोलायचंय असं सांगून लाइन मिळवली आणि थेट म्हणाले, मी खोटं बोललो होतो, तुम्ही मला बोलू द्यावं म्हणून बोललो, ही मुलं माझी आहेत, कुणाला परत पाठवायचं नाही. निवेदक हसला आणि फोन कट झाला. नंतर त्या मुलीने सांगितलं, सुभाष, यापुढे तुम्हाला घेता येणार नाही. अगदी गोड आवाजात सांगितलं म्हणे.

आमचा ग्रुप 'सॅल्यूट काका', 'जय भीम काका' यांनी भरून गेला. धम्मदीपने लाल बदाम पाठवला. क्लिप पार नागपूरला पोचली. काकांच्या दाराची बेल मात्र कुणी वाजवली नाही. कामं, मुलं, शिफ्ट, सगळ्यांचं सगळं खरंच होतं.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांना फोन केला.

"काका, आज काय गारठा आहे!"

"कुठे गारठा? तुम्ही लोक नाजूक झालात."

"रविवारी विहारात धम्मदीप छान बोलला हं."

"काय छान? मुद्दा एक नाही, नुसता पाल्हाळ."

"बरं, मटण केलंय. आणू का?"

"मटण वाईट असतं या वयात."

मटणाला नाही म्हणणारे सुभाषकाका मी जन्मात पाहिले नव्हते. मी चिडून फोन ठेवणारच होते, आणि मग माझ्या ध्यानात आलं. हा माणूस मला फोन ठेवू देत नव्हता. होला हो म्हणणाऱ्याचा फोन लगेच संपतो, एवढंच त्या स्टेशनने त्यांना शिकवलं होतं. गोड बोलून उपयोग नव्हता.

"काका," मी आवाज चढवला, "तुम्हाला मटणातलंही काही कळत नाही आणि राजकारणातलंही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला कळत नाही?" काका केवढ्या आनंदाने म्हणाले. "ऐक आता."