मोडक्या पंजाचा सिंह

देवासाठी वाती वळत बसले होते. कापूस निम्मा संपला, निम्मा परातीत तसाच. तेवढ्यात अंबादास भावजी कामावरून आले आणि पिशवीतला लाकडी सिंह भुईवर आदळला.

"परत आला," एवढंच बोलले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मिसरूड फुटल्यापासून शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत लाकडाचे पॅटर्न करतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, उठलेल्या साच्यात लोखंड ओतायचं. २००३ साली फौंड्रीला फ्रान्सचं काम आलं. तिथल्या खेड्यातल्या एका सरदार घराण्याच्या गढीचा लोखंडी दरवाजा गंजला होता, तसाच नवा पाहिजे होता. तिकडून आलेल्या फोटोत त्यावरच्या सिंहाचा पुढचा पंजा मोडका. भावजींनी पॅटर्न करताना तो नीट करून दिला. आपल्याकडं कुणीही तेच केलं असतं.

तिकडून नकार आला. पंजा म्हणे कुणा पणजोबांच्या वरातीत घोडागाडी आदळून मोडलेला. गढी बघायला येणाऱ्यांना तीच गोष्ट सांगतात, तेव्हा मोडकाच पाहिजे. फौंड्रीच्या साहेबांनी बजावलं, उद्या मोडका आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो आणि तुम्ही घरी बसा.

"भंगलेलं मी घडवत न्हाय," भावजी म्हणाले. "बानं शिकवलंय. भंगलं की पाण्यात सोडायचं. दारात मिरवत्यात व्हय?"

त्यांची बायको मीनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग बसा घरात, भाकऱ्या थापा. मी जाते फौंड्रीत."

मला भावजींचंच पटत होतं. भंगलेला देव मी कधी देव्हाऱ्यात ठेवलेला नाही. दिवा लावायला उठले, तर समोर गणपती.

"भावजी, गणपतीचा मोडका दात कुणी नीट केलाय का वो?"

"त्यो देव हाय, वैनी."

"हाय की. आणि दात कसा मोडला, ते आपण पोरांना सांगतोच की."

भावजींनी भुईवरचा सिंह उचलला. मग सिंहाला हात लावून नमस्कार केला, फोटो समोर ठेवला, करवतीनं पंजा उडवला आणि कापलेली कड पटाशीनं मोडल्यागत खडबडीत केली.

मीनाबाईनं तुटका पंजा उचलला. "चुलीत घालू?"

"हात लावू नगंस," भावजी म्हणाले, आणि पंजा फडक्यात गुंडाळून खुंटीला अडकवला.

सकाळी आधी पंचगंगेवर जाऊन पंजा पाण्यात सोडायचा, मग सिंह घेऊन शिरोलीला.